दोन बोटी आणि एक कागद

फराळाच्या ताटाशेजारी विधिमंडळाचे कामकाज वाढून ठेवणे हा शुद्ध अरसिकपणा आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. एरवी दर आठवड्याला या पानावर आमच्या वाट्याला दीड स्तंभ येतो. तेवढ्यात कोणाला तरी चिमटा काढावा आणि पळ काढावा, इतकेच जमते. दिवाळीत संपादक जागा ऐसपैस देतात आणि वर सांगतात, "यंदा जरा लांबचे काही लिहा." किती लांबचे, ते त्यांनी सांगितले नाही. तेव्हा आम्ही थेट स्कॉटलंड गाठले आहे. अर्थात बसल्या खुर्चीवरून.

गोष्ट दोन बोटींची आहे. त्या बांधायला दिल्या २०१५ साली, मिळायच्या होत्या २०१८ साली, आणि त्यांतली पहिली उतारू घेऊन निघाली ती २०२५ च्या जानेवारीत. मधल्या काळात स्कॉटलंडच्या आमदारांनी या दोन बोटींवर आपल्या सरकारला किती प्रश्न विचारले असतील ते मोजायला बसणारा माणूसच थकेल. प्रश्न विचारून बोटीला एक खिळाही ठोकला जात नाही, हे खरेच. मग विचारायचे कशाला? पुष्कळ सुजाण माणसे असे म्हणतात. आमच्या शेजारचे अप्पासाहेब तर विधानसभेचे वृत्त आले की पान उलटून थेट शब्दकोड्यावर जातात. त्यांच्यासाठी मुद्दाम ही हकीगत.

आधी तिथल्या कारभाराविषयी दोन शब्द, म्हणजे पुढे अडखळायला नको. १७०७ साली इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या पार्लमेंटा एक झाल्या. एक झाल्या म्हणजे काय, तर स्कॉटलंडची मंडळी लंडनला जाऊन बसू लागली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी, १९९७ च्या सप्टेंबरात, स्कॉटिश जनतेने मतदान करून आपले विधिमंडळ परत मागितले; १९९८ साली तसा कायदा झाला आणि १९९९ साली एडिंबरोत १२९ सभासदांची सभा भरली. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन ही खाती लंडनने स्वतःकडे राखून ठेवली. दवाखाने, शाळा, रस्ते आणि बेटांकडे जाणाऱ्या बोटी हे सारे एडिंबरोच्या हवाली केले.

ज्यांच्या घरी जुन्या पिढीचे कोणी इतिहासाचे शिक्षक असतील त्यांना हे ऐकून 'राखीव' आणि 'सोपीव' खाती आठवतील. १९१९ च्या सुधारणांनी आपल्या प्रांतिक कारभाराचे असेच दोन वाटे केले होते. शिक्षण, आरोग्य ही खाती लोकांच्या मंत्र्यांकडे सोपवली. पोलीस, जमाबंदी आणि मुख्य म्हणजे तिजोरी गव्हर्नरसाहेबांच्या बाजूला राहिली. त्यामुळे सोपीव खात्याच्या मंत्र्याला शाळेबद्दल प्रश्न विचारावा, तर त्याने तिजोरीकडे बोट दाखवून मोकळे व्हावे, अशी गंमत होती. घरात सुनेच्या हाती स्वयंपाकघर द्यायचे आणि कोठीच्या किल्ल्या सासूबाईंच्या कमरेला, त्यातला प्रकार. स्कॉटलंडच्या बोटींच्या बाबतीत ही सोय नव्हती. बोटींची मालकी असलेली कंपनी स्कॉटिश सरकारची, त्या चालवणारी 'कॅलमॅक' नावाची कंपनीही सरकारचीच, पैसे देणारे खातेही त्याच सरकारचे. बोट दाखवायला दुसरे कोणी नव्हते.

(सभागृहाचीही एक कहाणी आहे, ती जाता जाता सांगतो. होलिरूड येथे या विधिमंडळाची जी नवी इमारत उभी राहिली, तिचा पहिला अंदाज फार तर ४ कोटी पौंडांचा होता. २००४ साली ती पुरी झाली तेव्हा खर्च ४१ कोटींच्या वर गेलेला होता, आणि त्याचीच एक स्वतंत्र चौकशी करावी लागली. जेथे हिशेब विचारायचे त्या घराचाच हिशेब पहिल्यांदा विचारावा लागला.)

आता प्रश्नांची रीत. दर गुरुवारी दुपारी बाराला तिथल्या मुख्यमंत्र्यांना उभे राहून उत्तरे द्यावी लागतात. सज्जात शाळेची मुले आणून बसवलेली असतात, वार्ताहर पेन्सिली परजून असतात, विरोधी पक्षांचे पुढारी आदल्या रात्री घोकलेली वाक्ये फेकतात. नाटकाचा प्रयोग म्हणून तो पाहण्यासारखा असतो. पण आमच्या मते तो नाटकाचाच प्रयोग. इतर मंत्र्यांसाठी निराळ्या वेळा आहेत, आणि कोणत्या आमदाराचा प्रश्न लागणार ते सोडतीने ठरते. शिवाय लेखी प्रश्न आहेत. त्यांना क्रमांक पडतो, प्रश्न आणि उत्तर दोन्ही छापून निघतात, आणि साधारणपणे कामाच्या दहा दिवसांत उत्तर द्यावे असा नियम आहे. आपल्या विधानसभेतले तारांकित-अतारांकित प्रश्न ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना यात फारसे नवल वाटणार नाही.

खरा दात असतो तो उपप्रश्नाला. छापील प्रश्न अगदी सोवळ्यातला असतो: अमुक बाबतीत सरकारची भूमिका काय? त्याला तसेच सोवळ्यातले उत्तर मिळते. मग प्रश्नकर्ता पुन्हा उभा राहतो, आणि तिथे मंत्र्याच्या हाती खात्याने लिहून दिलेला कागद संपतो. ही दुसऱ्यांदा उभे राहण्याची मुभा किती मोलाची, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असेल? १८९२ च्या कायद्याने आपल्या कौन्सिलांतील सभासदांना प्रश्न विचारायची परवानगी मिळाली, पण उपप्रश्नाची नाही. १८९९ साली गोखले मुंबईच्या कौन्सिलात गेले तेव्हा हीच स्थिती होती. एकदा विचारा, मिळेल ते ऐका आणि बसा! १९०९ च्या कायद्याने मूळ प्रश्न विचारणाऱ्याला उपप्रश्नाचा हक्क दिला. म्हणजे एवढी एक पायरी चढायला सतरा वर्षे लागली.

असो. बोटींकडे वळू.

क्लाइड नदी समुद्राला मिळते त्या खाडीच्या तोंडाशी ॲरन नावाचे बेट आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास. मुख्य भूमीवरच्या अर्ड्रोसन बंदरातून तासाभराच्या आत बोट तिथे पोचते. पूल नाही, बोगदा नाही. मोठ्या रुग्णालयात तपासणीची तारीख असो, वाण्याच्या दुकानातला माल असो, लेकीचे बाळंतपण असो, जे काय ते बोटीने. याच्या पलीकडे पश्चिमेच्या समुद्रात आणखी कितीतरी बेटे, आणि सगळ्यांचा जीव त्याच कॅलमॅकच्या बोटींवर. ज्या घरांतून अजून भाऊच्या धक्क्याच्या गोष्टी निघतात, त्यांना हे समजावून सांगायला नको. वाफेच्या आगबोटीची वाट पाहत रत्नागिरीला किंवा वेंगुर्ल्याला गाठोड्यांवर बसून राहिलेली माणसे आपल्याच आजोळची होती. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की कोकण जणू नकाशावरून पुसले जाई. फरक इतकाच की कोकणच्या माणसाने घाटाची वाट धरली असती. ॲरनच्या माणसाने कोणती धरावी?

तर ॲरनसाठी एक आणि उत्तरेकडील बेटांसाठी एक अशा दोन नव्या बोटी घ्यायचे ठरले. नावे पुढे ठेवली गेली 'ग्लेन सॅनॉक्स' आणि 'ग्लेन रोझा'. १०२ मीटर लांबीच्या, तेलावर आणि द्रवरूप वायूवर अशा दोन्हींवर चालणाऱ्या. काम मिळाले क्लाइडच्या काठी पोर्ट ग्लासगो येथील फर्ग्युसन गोदीला. ही गोदी १९०३ पासूनची. एके काळी ज्या नदीवर जगातल्या मोठमोठ्या आगबोटी बांधल्या जात तिच्या त्या भागात राहिलेली ही शेवटची गोदी, आणि २०१४ साली तिचेही दिवाळे वाजले होते. एका उद्योगपतीने ती घेऊन वाचवली. मग ऑगस्ट २०१५ मध्ये त्या वेळच्या मुख्यमंत्री निकोला स्टर्जन स्वतः गोदीत गेल्या आणि काम फर्ग्युसनलाच देण्याचा मानस त्यांनी जाहीर केला. किंमत दोन्ही बोटींची मिळून ९ कोटी ७० लाख पौंड. कामगारांनी टाळ्या वाजवल्या असतील तर त्यांना कोण हसेल? गावातली चूल पेटती राहावी म्हणून सरकारने काम द्यावे, यात आम्हांस काही गैर दिसत नाही. ते उघड सांगून द्यावे, एवढेच.

खोच निराळीच होती. बोट बांधणाऱ्याने ती अर्ध्यावर टाकली तर भरलेले पैसे परत मिळतील, अशी हमी बँकेमार्फत घेण्याची त्या धंद्यात रीत आहे. मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे चटकन कळेल. इमारत उभी राहण्याआधी बिल्डरला हप्ते मोजणाऱ्या माणसाला अशी हमी मिळती, तर कितीजणांची झोप शाबूत राहिली असती! फर्ग्युसनला ही हमी पुरती देता येत नव्हती. बोटी विकत घेणाऱ्या सरकारी कंपनीने मंत्र्यांकडे याबद्दल काळजी लेखी कळवली होती. तरीही ऑक्टोबर २०१५ मध्ये करार झाला.

पुढचे सगळे उताराला लागल्यासारखे झाले. नोव्हेंबर २०१७ मध्ये ग्लेन सॅनॉक्सचे जलावतरण झाले. बँडबाजा, झेंडे, मुख्यमंत्र्यांच्या हस्ते समारंभ. बोट दुरून देखणी दिसत होती. जवळ गेल्यावर कळे की पुढल्या बाजूच्या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या आहेत. खिडक्या बसवायच्या होत्या तिथे काळा रंग फासलेला. (आमच्या लहानपणी मेळ्यांतून राजवाडा असाच कापडावर रंगवीत, पण त्यात कोणी उतारू बसवायचे नव्हते.) ऑगस्ट २०१९ मध्ये गोदी पुन्हा बुडाली. तोवर ९ कोटी ७० लाखांपैकी ८ कोटींहून अधिक रक्कम देऊन झाली होती. डिसेंबरात सरकारने गोदीच ताब्यात घेतली. म्हणजे आता गिऱ्हाईकही सरकार आणि दुकानदारही सरकार. पुढे बुडीत कर्जे धरून सगळा खर्च ४० कोटींच्या पलीकडे गेला.

इथून प्रश्नांची गोष्ट सुरू होते. प्रारंभी आमदार विचारीत ते एकच: बोट केव्हा येणार? याला उत्तर म्हणून तारीख मिळे, ती टळे, नवी मिळे. शिंप्याकडे दिवाळीचे कपडे टाकलेल्यांना हा अनुभव आहे. हा प्रश्न लोकांच्या जिव्हाळ्याचा खरा, पण त्यातून हाती काही लागत नाही. डिसेंबर २०२० मध्ये विधिमंडळाच्या एका समितीने कसून साक्षी घेऊन अहवाल दिला आणि सर्वांनाच धारेवर धरले. पण प्रश्नाने कूस बदलली ती मार्च २०२२ मध्ये. 'ऑडिट स्कॉटलंड', म्हणजे तिथले सरकारी हिशेबतपासनीस, त्यांचा अहवाल आला. पुरती हमी नसताना करार पुढे न्यावा असे मंत्र्यांनी का ठरवले, याचा पुरेसा लेखी पुरावा आपल्याला मिळाला नाही, असे त्यांनी साध्या शब्दांत लिहून ठेवले.

बस्स, एवढेच. पण या एका वाक्याने सभागृहातला प्रश्नच बदलला. 'केव्हा येणार' मागे पडले आणि 'कोणी ठरवले' पुढे आले. त्यावर सरकारने सांगितले की निर्णय तेव्हाचे वाहतूकमंत्री डेरेक मॅके यांचा. मग उपप्रश्न: कागद कुठे आहे? कागद सापडत नाही. पुन्हा उपप्रश्न: ९ कोटी ७० लाखांच्या निर्णयाचा कागद सापडत नाही म्हणजे काय? गुरुवारामागून गुरुवार हेच. ज्या घरात विजेच्या बिलाची पावतीसुद्धा खिळ्याला टोचून ठेवतात, तिथल्या गृहिणीनेही दुसरे काय विचारले असते?

आणि मे २०२२ मध्ये कागद सापडला. कागद म्हणजे ९ ऑक्टोबर २०१५ चा ई-मेल. मॅकेसाहेबांची मान्यता आहे, वाट मोकळी आहे, असा त्याचा आशय. त्या पत्रव्यवहारात केळीच्या सालीचाही उल्लेख होता. तेव्हा अर्थखाते सांभाळणारे उपमुख्यमंत्री जॉन स्विनी यांच्याशी बोलायचे ते वाटेत कुठे केळीची साल नाही यासंबंधी, अशा अर्थाचा. मान्यता कोणी दिली ते कळले. हमी नसताना ती का दिली, याचा ऊहापोह त्या चार ओळींत नव्हता. कागद सापडला, कारण सापडायचे राहिले.

ते शोधण्याचे काम गुरुवारच्या रणधुमाळीत होण्यासारखे नव्हते. ते गेले सार्वजनिक हिशेब पाहणाऱ्या समितीकडे. या समित्यांविषयी वर्तमानपत्रांतून फारसे येत नाही, कारण तिथे कोणी ओरडत नाही. लांब टेबल, पाण्याचे पेले, आणि एकच आमदार एकच गोष्ट वीस मिनिटे विचारीत बसलेला. १९९८ च्या कायद्याने या विधिमंडळाला साक्षीदार बोलावण्याचा आणि कागद मागवण्याचा अधिकार दिलेला आहे. लाजेकाजेस्तव यायचे नाही, कायद्याने यायचे. मॅके आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये खुद्द मुख्यमंत्री स्टर्जन येऊन बसल्या. सभागृहात ज्यांना आधाराला स्वपक्षीयांच्या टाळ्या असतात त्यांना या टेबलाशी फक्त पाण्याचा पेला असतो. समितीच्या अहवालाने २०२३ मध्ये सरकारला पारदर्शकतेच्या आणि जबाबदारीच्या अभावाबद्दल बोल लावले. कोणी तुरुंगात गेले नाही. गेलेले पैसे परत आले नाहीत.

बेटांवरच्या लोकांना त्या अहवालाचे काय करायचे होते, असेही कोणी विचारील. विचारावेच. जुन्या बोटी मोडत होत्या, नव्या येत नव्हत्या, आणि जी चालू असेल ती बोट एका बेटाच्या मार्गावरून काढून दुसऱ्या बेटाला लावावी लागत होती. जून २०२३ मध्ये साउथ उइस्ट बेटाच्या वाट्याला हे आले. महिन्यातले बहुतेक दिवस तिथल्या लॉकबॉइसडेल बंदरातली बोट रद्द झाली. ऐन हंगामाचा महिना, पाहुण्यांवर जगणारी माणसे. त्यांनी शेकडो गाड्या धक्क्यावर रांगेने आणून उभ्या केल्या आणि निषेध केला. न येणाऱ्या बोटीसाठी लावलेली ती रांग होती. त्यांचा प्रश्न त्यांच्या आमदारांनी एडिंबरोत विचारला, आणि तो कोणापुढे विचारला पाहा: मुख्यमंत्री हमझा युसुफ, जे २०१६ ते २०१८ या काळात स्वतः वाहतूक आणि बेटे या खात्याचे मंत्री होते. ते मे २०२४ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी आले जॉन स्विनी. केळीच्या सालीच्या पत्रातले तेच. अशा रीतीने तीन मुख्यमंत्री बदलले तरी प्रश्न त्याच खुर्चीला चिकटून राहिला. सरकारे आपल्या आधीच्यांवर ढकलून सुटतात. इथे आधीचेही हेच होते.

एक बदल मात्र आमच्या ध्यानात आला, आणि त्याचा गाजावाजा फारसा झाला नाही. २०१७ साली लोकांना रंगवलेल्या खिडक्या दाखवल्या होत्या. पुढे समित्यांचा तगादा सुरू झाल्यावर गोदीच्या मुख्याधिकाऱ्याने आमदारांच्या समितीला ठराविक मुदतीने पत्र लिहून काम कुठवर आले ते कळवावे, अशी वहिवाट पडली. फेब्रुवारी २०२२ मध्ये अशाच एका पत्रातून उघड झाले की बोटीत पूर्वी टाकलेल्या विजेच्या शेकडो तारा आखूड पडल्या आहेत आणि त्या काढून नव्या घालाव्या लागतील. ज्याने हे लिहिले त्याला ते लिहिताना आनंद झाला नसेल. पण ते लिहिले गेले, छापले गेले, आणि ॲरनच्या दुकानदाराला ते मंत्र्याइतकेच लवकर वाचता आले.

ग्लेन सॅनॉक्स जानेवारी २०२५ मध्ये ॲरनला जाऊ लागली. खिडक्या खऱ्या. फक्त अर्ड्रोसनच्या बंदरात तिला लावण्याजोगी व्यवस्था झालेली नव्हती, म्हणून ती दक्षिणेच्या ट्रून बंदरातून सोडावी लागली आणि प्रवास थोडा लांबला. ते बंदर वेळेत का झाले नाही, हा प्रश्न आमदारांच्या यादीत लागलीच चढला. तिची धाकटी बहीण ग्लेन रोझा एप्रिल २०२४ मध्ये पाण्यात उतरली होती, पण पुरी व्हायची होती. इस्ले बेटासाठीच्या बोटी तोवर तुर्कस्तानातल्या गोदीत तयार होत होत्या. ते काम २०२२ मध्येच तिकडे दिलेले. मे २०२५ मध्ये फर्ग्युसन गोदीकडून समितीला आणखी एक पत्र आले. ग्लेन रोझा आता २०२६ च्या आधी मिळणार नाही आणि खर्चही वाढणार आहे, असे त्यात होते. पत्र कोणालाच गोड वाटले नाही. समितीने ते छापून टाकले आणि उपप्रश्न लिहायला घेतले.